‘बेळगाव’चं ‘मेळगाव’ होऊ नये म्हणून: तोंडाच्या ऑपरेशननंतर टाळूला प्लेट कशी बसवून घ्यायची

ऑपरेशननंतर मी पहिला फोन केला तो खताच्या डेपोत. "बारा पोती युरिया पाठव" एवढंच सांगायचं होतं. पलीकडचा पोरगा म्हणाला, "मोती? कसलं मोती?" तीनदा सांगून झालं, शेवटी बायकोनं फोन हातातून घेतला.

कारण साधं आहे. टाळू म्हणजे तोंड आणि नाक यांच्यामधलं छत. कॅन्सरमुळे माझा उजवीकडचा वरचा जबडा काढला, तेव्हा छताचा तेवढा भाग गेला आणि तोंडातून थेट नाकात वाट झाली. ‘ब’ म्हणायला हवा ओठांमागे अडवावी लागते. छताला भोक असेल तर ती अडत नाही, नाकात निसटते आणि ‘ब’चा ‘म’ होतो. ‘द’चा ‘न’, ‘ड’चा ‘ण’. घरात मी ‘बाबा’ला ‘मामा’ आणि ‘दादा’ला ‘नाना’ करून सोडलं होतं. पाणी प्यायलं की अर्धं नाकातून बाहेर. चारचौघांत जेवायला बसायची लाज वाटायची.

यावरचा इलाज म्हणजे टाळूची प्लेट. दवाखान्यात तिला ऑब्च्युरेटर म्हणतात. कवळीसारखीच, फक्त तिच्या वरच्या अंगाला एक गोटा असतो, तो भोकात जाऊन बसतो. चार वर्षं झाली, मी ती लावून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं माझं दुकान चालवतो. मी डॉक्टर नव्हे. हे वाचा, आणि यातलं जे तुमच्या उपयोगाचं वाटेल ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

१. आधी नेमकं काय काढणार आहेत ते समजून घ्या

सगळ्यांना प्लेट लागतेच असं नाही, आणि सगळ्यांना एकाच जातीची लागत नाही.

वरचा जबडा किंवा टाळू काढली तर गोट्याची प्लेट. खालचा जबडा मधून कापून काढला तर उरलेला जबडा ऑपरेशनच्या बाजूला सरकतो आणि दात दातांवर बसत नाहीत. त्याला वाटेवर आणायला एक उभी पट्टी असलेली वेगळी प्लेट देतात, आणि ती लवकर लावली तर जास्त उपयोग होतो. जिभेचा मोठा भाग गेला असेल तर टाळूचीच प्लेट जाड करून खाली आणतात, म्हणजे उरलेली जीभ तिला टेकते आणि घास मागे ढकलता येतो. आपल्याकडे गालाचे पेशंट जास्त, कारण तंबाखूची चिमूट गाल आणि हिरडी यांच्या मधेच ठेवायची सवय. त्यांच्या गालात छातीचं किंवा मांडीचं मांस लावतात. त्यांची मुख्य अडचण म्हणजे तोंड न उघडणं. त्यांनी सहावी पायरी आधी वाचावी.

कधी कधी टाळूचं भोकही पायाच्या हाडाचा किंवा मांसाचा तुकडा लावून बंद करतात. ते चांगलं की प्लेट चांगली, हे सर्जनलाच विचारा. प्लेटचा एक फायदा मात्र कुणी फारसा सांगत नाही: ती काढली की आतली जागा उघडी दिसते. आजार परत डोकावला तर डॉक्टरांना टॉर्च लावून बघता येतं.

२. ऑपरेशनच्या आधी दातांच्या डॉक्टरला भेटा

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढं एक वाचा.

मला हे कुणी सांगितलं नाही. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथं सर्जन चांगले होते, हात सफाईदार, पण जबड्याचं माप आधी घेऊन ठेवायचं असतं ही गोष्ट कुणाच्या तोंडून निघाली नाही. मीही विचारलं नाही. गाठ म्हटल्यावर आपल्याला दुसरं काही सुचत नाही. परिणाम असा की ऑपरेशननंतर माझ्या तोंडात छत नव्हतं, आणि नाकातून घातलेली जेवणाची नळी जेवढ्या दिवसांत निघाली असती त्याहून खूप जास्त दिवस राहिली.

माप आधी घेतलं असेल तर प्लेट आधीच तयार होते आणि सर्जन ती ऑपरेशनच्या टेबलावरच बसवतात. उरलेल्या दातांना तारेनं किंवा हाडाला स्क्रूनं बांधून ठेवतात. जखमेत भरलेल्या पट्ट्या तिच्या आधारानं जागेवर राहतात, आणि माणूस शुद्धीवर आल्यावर त्याला बऱ्यापैकी बोलता येतं. तोंडानं गिळायलाही लवकर सुरुवात होते.

जायचं कुणाकडे? दात बसवण्याचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरकडे, म्हणजे प्रॉस्थोडॉन्टिस्टकडे. दात काढणारा नाही, रूट कॅनालवाला नाही. बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत, नेहरूनगरचं केएलईचं आणि मराठा मंडळाचं. दोन्हीकडे या विषयाचा विभाग आहे. खिडकीवर केसपेपर काढताना "कॅन्सरच्या ऑपरेशनआधी माप द्यायचं आहे" असं स्पष्ट सांगा, नाहीतर तुम्हाला साध्या कवळीच्या रांगेत बसवतील. मुंबईला टाटात ऑपरेशन असेल तर तिथं या कामाचा वेगळा विभाग आहे, तिथल्या तिथेच चौकशी करा.

भेटीत चार गोष्टी व्हायला हव्यात. दोन्ही जबड्यांचं माप. सगळ्या दातांचा मिळून एक मोठा एक्स-रे. किडलेले, हलणारे दात काढायचे की ठेवायचे याचा निर्णय. आणि सर्जनशी बोलणं, म्हणजे कापायची रेघ कुठून जाणार आणि कुठले दात उरणार. उरलेला प्रत्येक दात म्हणजे प्लेटचा खांब आहे. मला तीन दाढा आणि दोन पुढचे दात उरले, त्यांनाच अडकवलेल्या तारेच्या आकड्यांवर माझी प्लेट लटकते. "काढून टाका सगळे, कटकट नको" असं म्हणू नका. मी म्हणणार होतो.

पुढं लाईट (रेडिएशन) घ्यावी लागणार असेल तर खराब दात त्याच्या निदान दोन आठवडे आधी निघालेले बरे, म्हणजे खड्डा भरून येतो. लाईट घेतल्यानंतर जबड्याच्या हाडाला रक्त कमी पोचतं. तेव्हा दात उपटला तर जखम भरत नाही आणि हाड सडत जातं. ही भीती वर्षभरानं संपत नाही, जन्मभर राहते. गावातल्या दातांच्या डॉक्टरकडे कधीही गेलात तरी खुर्चीत बसण्याआधी सांगा, "मी लाईट घेतली आहे."

३. कागद

एका फाइलीत ठेवा आणि प्रत्येकाची झेरॉक्स काढा.

– आधार आणि रेशन कार्ड
– बायॉप्सीचा रिपोर्ट
– सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट, फिल्मसकट
– ऑपरेशनची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड
– काढलेल्या भागाच्या तपासणीचा रिपोर्ट
– लाईट किती दिली आणि कुठल्या बाजूला, याचा कागद. प्लेटवाले डॉक्टर हा हटकून मागतात आणि आपण हटकून घरी विसरतो.
– पासपोर्ट फोटो, आणि आजारपणाआधीचा हसतानाचा एक फोटो. दातांचा रंग आणि ओठाची ठेवण त्यावरून ठरवतात.

पैशाचं: आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलवाल्यांना ठरलेल्या दराच्या ३० टक्के, जास्तीत जास्त दीड लाख. खासगी दवाखान्यात जायचं तर आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं, बेळगावात ते सिव्हिलमधून घेतात. ऑपरेशन योजनेत बसलं म्हणजे प्लेटही बसली असं धरून चालू नका. आरोग्यमित्राला (दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) आधी विचारा आणि उत्तर फाइलीवर लिहून घ्या.

महाराष्ट्रातल्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं लोक विचारतात. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी ती लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटक सरकारनं त्याला हरकत घेतली. मिरज-कोल्हापूरकडे जाणार असाल तर तिथल्या योजनेच्या खिडकीवर विचारा, पण त्या भरवशावर ऑपरेशनची तारीख पुढं ढकलू नका. राजकारण थांबेल, गाठ थांबत नाही.

आपल्या भागातला खास घोळ नावाचा. रेशन कार्डावर कन्नडमध्ये आद्याक्षरांसह एक नाव, शाळेच्या दाखल्यावर मराठीत वडिलांच्या नावासकट दुसरं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे निघालं तर पळापळ होते. आधीच जुळवून घ्या.

प्रवासाचं थोडक्यात. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. सोबत बाईमाणूस असेल तर कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसला त्यांचं तिकीट शक्ती योजनेत माफ आहे. खानापूर–बेळगाव अशा माझ्या किती खेपा झाल्या याचा हिशेब बायकोनं ठेवलाय, तिच्या वाटणीचे पैसे मात्र शून्य.

४. पहिले काही महिने: तात्पुरती प्लेट

टेबलावर बसवलेली प्लेट साधारण आठ-दहा दिवसांनी काढतात. पट्ट्या निघतात आणि मग तात्पुरती प्लेट सुरू होते. जखम आक्रसत जाते, त्यामुळे आज घट्ट बसलेली प्लेट पंधरा दिवसांनी ढिली होते. यात प्लेट बिघडली असं काही नाही. डॉक्टर आत मऊ अस्तर भरून देतात, पुन्हा ढिली झाली की पुन्हा भरतात. दर दोन-तीन आठवड्यांची ही खेप चुकवू नका.

दोन गोष्टी अजिबात करू नका. भोकात कापूस कोंबू नका. तो आत सरकतो, कुजतो आणि वास सुटल्यावर कळतं. आणि मोडलेली प्लेट फेविक्विकनं चिकटवू नका. बाजारात बसून कवळ्या करून देणाऱ्याकडे तर हे काम नेऊच नका.

पहिल्यांदा स्वतःच्या तोंडात आरशातून बघाल तेव्हा बसून बघा. माझे पाय लटपटले होते.

५. लाईट चालू असताना

लाईट बहुतेक वेळा ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू करतात. साधारण ३० ते ३३ वेळा, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा-साडेसहा आठवडे. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं. प्लेट टोचायला लागली तर डॉक्टरांना दाखवा, घरी कानशीनं घासू नका. लाळ आटते आणि लाळ आटली की उरलेले दात झपाट्यानं किडतात, म्हणून फ्लोराइडचं जेल कसं लावायचं ते विचारून घ्या. मीठ-सोड्याच्या पाण्यानं दिवसातून पाच-सहा वेळा खळखळून चूळ भरा. तिखट बंद. मी नाचणीच्या आंबिलीवर आणि गुरगुट्या भातावर दीड महिना काढला.

६. तोंड उघडण्याचा व्यायाम

आपली तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे जात असतील तर तोंड ठीक उघडतंय. ऑपरेशन आणि लाईट या दोन्हींनी स्नायू आखडतात. तोंड दोन बोटांवर आलं तर जबड्याचं माप घ्यायचा चमचाच आत जात नाही, मग प्लेट कुठून जाणार? अशा लोकांना प्लेट दोन तुकड्यांत करून देतात, आत घालून लोहचुंबकानं जोडायची. होतं तेही, पण डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही त्रास.

साधन एकदम स्वस्त: आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या. स्वच्छ धुऊन, एकावर एक रचून, मागच्या दातांमधे सरकवायच्या. ताण बसेल तेवढ्याच. पाच मिनिटं धरायच्या आणि मधे एक काडी हळूच सरकवायची. दिवसातून पाच-सहा वेळा. सर्जननी हो म्हटल्यावरच सुरू करा. मी ११ काड्यांवर सुरुवात केली आणि चार महिन्यांनी १७ वर पोचलो. रोजचा आकडा दुकानाच्या कॅलेंडरवर लिहायचो. गिऱ्हाईकांना वाटायचं उधारीचा आहे.

लाईट संपल्यावर व्यायाम सोडू नका. आखडणं नंतरही चालू राहतं. माझ्या ओळखीच्या एकाचं तोंड लाईट संपताना बरं होतं, वर्षभरानं एक बोट जाईना.

७. पक्की प्लेट: मापाचा दिवस

जखम पूर्ण भरली, आकार स्थिर झाला की पक्की प्लेट. ऑपरेशननंतर तीन ते सहा महिने, लाईट घेतली असेल तर कधी आणखी जास्त. घाई करून काही होत नाही.

मापाच्या दिवशी काय होतं ते आधी माहीत असेल तर भीती कमी वाटते. भोकाच्या आतल्या कोपऱ्यांत आधी व्हॅसलिन लावलेली पट्टी भरतात, तिचा दोरा बाहेर ठेवतात, म्हणजे मापाचा मसाला नाकात चढून अडकत नाही. मग गुलाबी पावडर पाण्यात घोटतात, इडलीच्या पिठासारखी. चमच्यात भरून वर दाबतात. डोकं थोडं पुढं झुकवा आणि हळू श्वास घ्या. दोन-तीन मिनिटांत ते घट्ट होतं. काढताना मात्र तव्याला धरलेली भाकरी उचटावी तसा ओढा बसतो. दुखत नाही म्हणणार नाही, पण क्षणभरच.

कॉलेजात कन्नड बोलणारी मुलं-मुली असतात. मराठी बऱ्याच जणांना समजतं, तरी दोन-चार शब्द माहीत असू देत. "बायी तेगीरी" म्हणजे तोंड उघडा. पहिल्या दिवशी ते ऐकून माझी बायकोच उठून पुढं गेली, तिला वाटलं ‘बाई’ म्हणून हाक मारली. "नुंगरी" म्हणजे गिळा, "उगुळरी" म्हणजे थुंका. "नोवु" म्हणजे दुखतंय, हा आपण म्हणायचा. "सावकाश" दोन्ही भाषांत एकच.

पुढच्या खेपेला मेणात लावलेले दात तोंडात घालून दाखवतात. लाजू नका, आरसा मागा, घरच्यांना आत बोलवा. एकदा पक्कं झाल्यावर "दात जरा पुढं आलेत" म्हणून उपयोग नाही.

प्लेट हातात आली की उठून निघू नका. तिथंच तीन परीक्षा घ्या. पेलाभर पाणी पिऊन बघा. गाल फुगवून हवा धरता येते का बघा. आणि बोला. मी ‘बेळगाव, बारा पोती, दादा’ म्हणत बसलो होतो. उलट ‘मामा’ म्हणताना ‘बाबा’ असं ऐकू येत असेल तर गोटा जास्त घट्ट आहे, नाकाची वाट पुरती बुजली आहे. थोडा घासून घ्यावा लागतो. आपले कान ऐकून सरावलेले असतात, म्हणून सोबतच्या माणसाला डोळे मिटून ऐकायला सांगा.

गोटा पोकळ आहे का, हेही विचारा. भरीव असेल तर वजनानं प्लेट खाली येते. पोकळ गोट्यात कधी चीर पडून पाणी शिरतं. हलवल्यावर डुबुक आवाज आला की समजा.

८. घरी

पहिले दिवस दाटसर, मऊ पदार्थांनी सुरुवात करा. लोकांना वाटतं पाणी सोपं, पण पाणीच पहिल्यांदा निसटतं. मऊ भात, उप्पीट, ताकात कुस्करलेली भाकरी आधी. घास लहान, ऑपरेशनच्या दुसऱ्या बाजूनं चावायचा, हनुवटी किंचित खाली. कुंदा जपून खा. मऊ म्हणून मी पाव किलो आणला, तो प्लेटच्या वरच्या कडेला असा बसला की अर्धा तास बेसिनपाशी उभा होतो.

प्रत्येक जेवणानंतर प्लेट काढून धुवायची. मऊ ब्रश आणि साधा अंगाचा साबण. टूथपेस्टनं चरे पडतात. गरम पाणी तर नकोच, प्लेट वाकते. धुताना खाली बादलीत पाणी ठेवा, निसटली तरी फुटत नाही. भोकाच्या आत खपल्या धरतात. त्या कोमट मिठाच्या पाण्याची पिचकारी मारून सैल करायच्या, नखानं ओढायच्या नाहीत.

रात्री बहुतेकांना काढून ठेवायला सांगतात, पण सुरुवातीच्या आठवड्यांत काहींना लावूनच झोपायला सांगतात. आपल्यापुरतं विचारून घ्या. काढलेली प्लेट झाकणाच्या डब्यात, पाण्यात. रुमालात गुंडाळून उशाशी ठेवू नका. लग्नाच्या मांडवात एकानं कागदी रुमालात ठेवलेली पत्रावळीबरोबर गेली आणि माणसं उकिरड्यावर शोधत बसली.

टाळू लाल होऊन आग होत असेल किंवा पांढरे ठिपके दिसत असतील तर ती बहुधा बुरशी आहे. दवाखान्यात दाखवा, औषधानं जाते. न भरणारा फोड, रक्त, नवीन गाठ, किंवा छान बसणारी प्लेट अचानक न बसणं, यांना पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच सर्जनकडे जा. आणि प्लेट बसली म्हणून पुन्हा चिमूट किंवा मशेरी सुरू करणारे मी बघितले आहेत. त्यांना काय सांगणार.

९. पुढची वर्षं

पहिलं वर्षभर सर्जनच्या तारखा जवळजवळ असतात, प्लेट प्रत्येक वेळी सोबत न्या. प्लेट जन्माची नसते. तोंड बदलतं, आकडे सैल होतात, अस्तर भरावं लागतं, काही वर्षांनी नवी करावी लागते. हाडात स्क्रू बसवून त्यावर प्लेट अडकवता येते, पण लाईट घेतलेल्या हाडात ते जोखमीचं काम आहे. तुमच्या कागदांवरून डॉक्टरच सांगतील.

नवी मिळाली की जुनी टाकू नका. ती डब्यात घालून गावाला जाताना बरोबर ठेवा. गेल्या मे महिन्यात माझी नवी मधोमध तडकली, कॉलेजला सुट्ट्या होत्या आणि दुरुस्तीला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस जुन्या ढिल्या प्लेटवर काढले. फोन बायकोनंच घेतले, पण चहा मला पिता येत होता. तडकली तर दोन्ही तुकडे, अगदी बारीक कपचासुद्धा, ओल्या फडक्यात गुंडाळून न्या. सोमवारी गर्दी असते, मंगळवारी सकाळी लवकर जा.